एक ग्रॅम रेडियम आणि लग्नाचा दाखला



२० मे १९२१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मेरी क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. त्यासाठी लागणारे सुमारे एक लाख डॉलर तिथल्या बायकांनी वर्गणी काढून जमवले होते. एका बाईच्या संशोधनासाठी हजारो बायकांनी पदरमोड करावी, याचा आनंद आजही वाटतो. पण ते रेडियम कोणत्या मातीतून आले, हा प्रश्न आपल्याला फार उशिरा पडला.

ते निघाले कोलोरॅडोतल्या कार्नोटाइट या पिवळ्या खनिजातून. एका ग्रॅमसाठी शेकडो टन खनिज लागे. हेच खनिज दक्षिणेला, ॲरिझोनातल्या कॅरिझो डोंगरात, म्हणजे नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशातही होते. तिथे बाहेरच्यांना खाणी काढायला बंदी होती. १९१९ साली अमेरिकन संसदेने कायदा करून ती उठवली आणि लगेच खाणपट्टे दिले जाऊ लागले. सर्व मूळनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा आला तो १९२४ साली, म्हणजे जमीन आधी खुली झाली, नागरिकत्व मागाहून! नवाहो समाजात कूळ आईकडून चालते, मेंढ्या बायकांच्या मालकीच्या असतात. पण खाणपट्ट्यांचा कारभार वॉशिंग्टनच्या साहेबांचा.

हे खाणकाम तसे छोटेच. १९२२-२३ च्या सुमारास बेल्जियन काँगोतले स्वस्त रेडियम बाजारात आले आणि अमेरिकेतला धंदा बसला. म्हणून इतिहासात या पर्वाला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. आम्हाला मात्र ते महत्त्वाचे वाटते. डोंगरात काय आहे आणि तिथे शिरायचे कसे, हे तेव्हाच ठरून गेले. त्याच वाटेने पुढे व्हॅनेडियमवाले आले, मग अणुबॉम्बसाठी युरेनियमवाले. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून देण्यात आल्या.

धोका ठाऊक नव्हता, ही सबब चालणार नाही. घड्याळांच्या तबकड्यांना रेडियमचा रंग देताना ओठांनी ब्रशला टोक काढणाऱ्या न्यू जर्सीच्या पाच कामगार बायकांनी १९२८ सालीच कंपनीला भरपाई द्यायला लावली होती. तरी नवाहो खाणकामगारांना कोणी सावध केले नाही. हवा खेळती नसलेल्या खाणींत ते राबले, अंगावर पिवळी धूळ घेऊन घरी आले. ते कपडे बायकांनी हाताने धुतले. खाणीतल्या टाकाऊ दगडांनी काही घरे बांधली गेली.

साठच्या दशकात खाणकामगारांच्या विधवा एकत्र येऊन नवऱ्यांच्या मरणाबद्दल बोलू लागल्या. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले. आणि तेव्हा या म्हाताऱ्यांना काय विचारले गेले? लग्नाचा दाखला! लग्ने पारंपरिक विधीने लागलेली. कागद असणार कुठून? आपल्या सल्ला केंद्रांत बसणाऱ्या कार्यकर्तीला हे वेगळे सांगायला नको. २००० साली कायदा दुरुस्त झाला, त्यात आदिवासी रीतिरिवाजांची दखल घ्यावी लागली, पण तोवर कित्येक जणी गेल्या होत्या.

ही योजना २०२४ च्या जूनमध्ये संपली आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. खाणीत, गिरणीत काम केलेल्यांना आणि खनिज वाहून नेणाऱ्यांना तिच्यात जागा आहे. ते कपडे धुणाऱ्या बाईसाठी अर्जात अजून रकाना नाही.