काटा खोटा नाही, हिशेब अर्धा सांगितला जातोय

इंदिरानगरात नवी गाडी घेतलेला प्रत्येक जण पत्रकार म्हणून मला एकच प्रश्न विचारतो: "शोरूममध्ये वीस सांगितलं, हातात चौदाच पडतंय. गाडीत फॉल्ट आहे का?"

आधी एक करा. काट्यावरून मायलेज काढू नका. टाकीतला फ्लोट फक्त पेट्रोलची पातळी सांगतो आणि टाकीचा आकार वेडावाकडा असतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत अर्धी टाकी सावकाश उतरते आणि उरलेली भराभर. स्क्रीनवरचे 'अजून इतके किलोमीटर' हाही अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला अंदाजच. बोगद्यापाशी वीस मिनिटं अडकलात की तो घसरणारच. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. किलोमीटरला लिटरने भागा. हा तुमचा खरा आकडा.

आणि तरी कमी आला तर? कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे ना बोगदा, ना खड्डे, ना स्पीडब्रेकर.

पण खरी गोम पुढे आहे. आपण पेट्रोल म्हणून भरतो त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. मायलेज किंचित घटतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं: ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के, इतरांत ३ ते ६ टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर ही घट भरून काढायला करसवलतीची शिफारस होती. आता सरकार म्हणतं, इथेनॉलच महाग झालंय.

ठीक आहे. ऊस-मका पिकवणाऱ्याला दोन पैसे मिळावेत, परकीय चलन वाचावं, याला माझा विरोध नाही. पण त्याचं बिल गुपचूप माझ्या टाकीतून का?

मागण्या तीनच. प्रत्येक नोझलवर इथेनॉलचं प्रमाण मराठीत, ठळक अक्षरात लिहा. जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल परवडणाऱ्या दरात ठेवा. आणि शोरूममध्ये प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी शहरातला खरा आकडाही सांगा.

किराणा दुकानदाराने किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दिले तर आपण भांडतो. इथे मात्र गाडीलाच दोष देत सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतोय. आपापला फुल-टू-फुल आकडा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष कमेंटमध्ये टाका. बोलूया आकड्यांनीच.