खोक्यातले विमान आणि हातातले विमान

खेळण्यांचा प्रश्न हा पोरखेळ नाही. कोणाच्या मुलाच्या हाती काय यावे आणि कोणाच्या मुलाने ते फक्त दुकानाच्या काचेतून पाहावे, हे ज्या समाजात जन्मावर आणि खिशावर ठरते, त्या समाजात तर मुळीच नाही. म्हणूनच प्लास्टिकचे ठोकळे जोडून प्रवासी विमान बनविण्याच्या छंदाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. हा श्रीमंतांचा चोचला आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणे सोपे आहे. पण त्यात नुकसान आपलेच आहे.

हे ठोकळे काही राजवाड्यात जन्मले नाहीत. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क ख्रिस्तियनसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'छान खेळा' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने 'लेगो' हे नाव घेतले. आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. वर गोल उंचवटे, आत पोकळ नळ्या. गोंद नाही, खिळा नाही. एकाच रंगाचे, आठ उंचवट्यांचे फक्त ६ ठोकळे घेतले तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजून दाखविले आहे. सुताराचा हात आणि गणितज्ञाचे डोके इथे एकत्र आले. आपल्याकडे नेमके याच्या उलट झाले. हाताने काम करणारा खालचा आणि पोथी वाचणारा वरचा, अशी उतरंड रचली गेली. ज्याच्या हातात कसब त्याला विद्या नाकारली आणि ज्याला विद्या दिली त्याने हातोडीला हात लावला नाही. ही फारकत मोडायची तर सुरुवात लहानपणीच व्हायला हवी.

ठोकळ्यांनी घर कोणीही बांधतो. प्रवासी विमान बांधताना मात्र कस लागतो. ठोकळा चौकोनी आणि विमानाचे धड गोल! हा गोलावा आणायचा तर काही ठोकळे आडवे, कुशीवर बसवावे लागतात. तिथे हिशेब येतो. दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, चपट्या ठोकळ्याची जाडी ३.२ मिलिमीटर. म्हणजे ५ चपटे ठोकळे एकावर एक ठेवले की १६ मिलिमीटर होतात, बरोबर दोन उंचवट्यांची रुंदी. हे ज्या मुलाला स्वतःहून सापडले, त्याला लसावि वेगळा शिकवावा लागत नाही. लांब पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, म्हणून त्याच्या पोटातून धडापर्यंत आधाराचा दांडा न्यावा लागतो. मुख्य चाके जरा पुढे बसली की विमान शेपटीवर बसते. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते तेव्हा कळते. पुस्तकात ही एका ओळीची व्याख्या असते. इथे चूक डोळ्यांना दिसते आणि ती दुरुस्त करण्याची मुभा असते. चुकल्याबद्दल छडी नाही, ही गोष्टही लहान नाही.

खऱ्या विमानाची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? बोइंग ७८७ ड्रीमलायनरची १,१९७ तुकड्यांची लेगो प्रतिकृती २००६ साली बाजारात आली. खरे विमान ८ जुलै २००७ रोजी लोकांपुढे आणले गेले आणि उडाले १५ डिसेंबर २००९ रोजी! पंख जपानमधून, धडाचे भाग इटलीसारख्या देशांतून आणून अमेरिकेतील एव्हरेट येथे जोडायचे होते. सुटे भाग वेळेवर येईनात, नीट जुळेनात. म्हणून वर्षे गेली. पुढे याच विमानाच्या तळाला आधार देणाऱ्या तुळया नागपूरच्या मिहानमध्ये, टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या. विमान म्हणजे परक्या आकाशातली वस्तू नव्हे, ती आपल्या गावातल्या हातांनीही घडते. मग त्या कारखान्यात हेल्पर म्हणून कोणाची मुले जाणार आणि आराखडा काढणारे इंजिनिअर म्हणून कोणाची, हा प्रश्न आपण विचारायचा नाही काय?

आता बाजाराकडे पाहू. २०२३ साली लेगोने कॉनकॉर्ड विमानाचा २,०८३ तुकड्यांचा संच काढला. उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून खऱ्या कॉनकॉर्डचे नाक खाली झुकत असे; या प्रतिकृतीचेही झुकते. शेपूट फिरवली की चाके बाहेर येतात. कारागिरी वादातीत आहे. परंतु यातला सगळा विचार बिलुंडच्या आरेखकाने आधीच करून ठेवलेला असतो. विकत घेणाऱ्याने पुस्तिका उघडायची आणि पानामागून पान आज्ञा पाळायची. त्यातून चिकाटी येते, हे मान्य. पण दुसऱ्याने लिहिलेला ग्रंथ शब्दशः पाळणे म्हणजे ज्ञान नव्हे, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायची गरज नाही. त्यात भारताने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले. आधीच महाग असलेले परदेशी खोके सामान्य घरापासून आणखी लांब गेले.

तेव्हा महागड्या खोक्याच्या मागे लागू नका. विमान खोक्यात नसते, ते सुट्या ठोकळ्यांच्या ढिगात असते. ठोकळ्याच्या आकारावर कायमची मक्तेदारी सांगता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० साली दिला. तसेच ठोकळे इतरही उत्पादक बनवितात. आयएसआय चिन्ह पाहून ते घ्यावेत. तेही परवडत नसतील तर अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून सांगाडे कसे उभारायचे, ते केव्हाच दाखवून दिले आहे.

जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा काढून प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत सामाईक ठोकळ्यांची एक पेटी का ठेवू नये? पुस्तिका नको. मुला-मुलींना एवढेच सांगावे, शेपटीवर न बसणारे आणि पंख न झुकणारे विमान करून दाखवा. मुलींना मुद्दाम पुढे बसवावे.

लेगो कंपनीने १९६२ साली बिलुंडला कारखान्याजवळ स्वतःसाठी खाजगी धावपट्टी बांधली. दोनच वर्षांत, १९६४ साली, तिथे सर्वांसाठी विमानतळ सुरू झाला. खाजगी धावपट्टी सार्वजनिक होऊ शकते. आपल्या मुलांसाठी ती कोणी आपणहून खुली करील, याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही.