एकाच खुर्चीचा खर्ज

घरात होम थिएटर आले की चार दिवसांत एक वाद हमखास सुरू होतो. हॉलच्या मध्यावर सोफ्यात बसलेला मुलगा म्हणतो, "अजून वाढव, दणका येत नाही." मागच्या भिंतीशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसलेली आई म्हणते, "अरे, छातीत धडधडतंय, कमी कर आधी." निकाल ठरलेला असतो : आईला यातले काही कळत नाही. माझे म्हणणे असे की दोघेही खरे बोलत असतात. खोटा असतो तो निकाल.

यामागचे गणित माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागावे. हॉल पंधरा फूट लांब असेल तर उत्तर येते जवळजवळ ३८. म्हणजे सेकंदाला ३८ कंपने असलेला खर्ज या दोन भिंतींमध्ये अडकतो आणि पाळण्यासारखा हेलकावे घेऊ लागतो. त्याचा दाब दोन्ही भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. दहा फूट रुंदीचा असाच हिशेब केला तर ५६ येतात. चित्रपटातील स्फोट, मेघगर्जना, ढोलाचा घुमारा हे सारे याच पट्ट्यातले. तेव्हा मधल्या सोफ्यावर जे पोहोचत नाही, तेच मागच्या भिंतीशी आईच्या वाट्याला ढीगभर येते. सोफ्यावरच्याने आवाज वाढवला की मागे आणखी वाढतो. यात कानांचा दोष कोणाच्याच नाही.

आता आपण खरेदी कशी करतो ते पाहा. दुकानदार आपल्याला एका खुर्चीत बसवतो, समोर भली मोठी पेटी ठेवतो आणि कळ दाबतो. खोक्यावर पीएमपीओचा हजारांतला आकडा छापलेला असतो. त्यावरून खऱ्या ताकदीचा काहीच बोध होत नाही, आरएमएस वॅट किती ते विचारावे लागते. पण त्याहून मोठी गफलत त्या एका खुर्चीची आहे. घरी बसणारी माणसे पाच, आणि ऐकून पाहणारा एक! मग ती अजस्र पेटी हप्त्याने घरी येते, जागा नसल्याने कोपऱ्यात कोंबली जाते, आणि कोपरा तर खोलीचे सगळे हेलकावे एकदम जागे करणारी जागा.

माझे मत स्पष्ट आहे. तेवढ्याच पैशांत दोन लहान, एकसारखे सबवूफर घ्यावेत. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. पाळण्याला दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी सारखाच रेटा दिला तर तो हलणार कसा? ३८ चा हेलकावा अशाने बसतो. पेट्या रुंदीच्याही मध्यावर असल्यामुळे ५६ चाही फारसा उठत नाही. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांसाठी हा हिशेब पद्धतशीर मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन पेट्या बरेच काम करतात, आणि चारांच्या पुढे संख्या वाढवून फारसे काही साधत नाही, असे त्यांना आढळले. सगळेच सुटते असे मात्र नाही. ७५ च्या आसपासची लाट अशी मरत नाही; ती लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर हरवते. म्हणून तेवढ्या दोन जागी खुर्ची टाकू नये.

कोणी म्हणेल, आता यंत्रातच मायक्रोफोन लावून दुरुस्ती करण्याची सोय असते. असते खरी, पण यंत्र खर्ज कमीजास्त करते तो साऱ्या खोलीसाठी एकदम. मधल्या खुर्चीसाठी ३८ वाढवले तर भिंतीशी आधीच जास्त असलेले आणखी फुगते. खुर्च्याखुर्च्यांतला फरक बटणाने जात नाही. तो पेट्यांच्या जागेने जातो.

लहान पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पुढे हॉफमन यांच्या नावाने एक नियम रूढ झाला : लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, यांपैकी दोनच मिळतात. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. साहजिकच लहान पेटी अगदी तळाशी दमते. पण दोघी मिळून ओझे वाटून घेतात, आणि आपल्या दहा-बाय-पंधराच्या हॉलला सिनेमागृहाची ताकद हवी आहे कशाला? खर्ज सगळीकडे सारखा असला की आवाज कमी ठेवूनही तो पुरतो. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही त्याचे काही वाईट वाटणार नाही!

निवडताना मी बंद पेटी पसंत करीन, कारण भोकाची लहान पेटी जोरात वाजवली की त्या भोकातून फुरफुर ऐकू येते. दोन्ही पेट्या एकाच बनावटीच्या असाव्यात, आवाजाची पातळी सारखी ठेवावी, आणि ८० कंपनांच्या वरचे काम इतर स्पीकरांकडे सोपवावे. म्हणजे खर्ज कुठल्या पेटीतून येतो ते कानाला सहसा कळत नाही. मागच्या पेटीपर्यंत वायर नेण्यावरून घरात थोडी कुरकूर होईल. बिनतारी पेटीलाही विजेचा प्लग लागतोच, तेव्हा मागच्या भिंतीवर तो आहे की नाही, हे दुकानात जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे.