जाहिरातीचा कच्चा आराखडा व मित्राचा अभिप्राय

चित्रकलेच्या तासाला जाहिरातींचे कच्चे आराखडे काढण्याचा प्रघात अलीकडे अनेक शाळांतून पडला आहे, व तो आमच्याही शाळेंत आहे. हें योग्यच झालें. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें व्यापारी कलेचा विभाग १९३५ सालीं निघाला, तेव्हां ही विद्याही रीतसर शिकण्याजोगी आहे हें मान्य झालें. परंतु आराखडे झाल्यावर ते एकमेकांस दाखवून अभिप्राय देण्याचा जो भाग आहे, त्याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावेसे वाटतात.

हा भाग आमच्या मतें सर्वांत निष्काळजीपणें उरकला जातो. कोणी म्हणतो, "छान आहे". कोणी म्हणतो, "रंग थोडा भडक पाहिजे होता". आणि मागच्या बाकावरून एखादा असें कांहीं बोलतो कीं, सारा वर्ग हंसतो व ज्याचें चित्र असेल त्याची मान खालीं जाते. या सर्वांत 'छान' हाच शब्द अधिक घातक, असें आम्हांस वाटतें. कित्येकांस हें विचित्र वाटेल. उपहास झालेला विद्यार्थी आपलें चित्र निदान पुन्हा पाहतो, रागानें कां होईना. 'छान' ऐकलेला तें गुंडाळून ठेवतो. शिवाय हा शब्द बहुधा दोघांच्याच वाट्यास येतो: जो सर्वांचा लाडका त्याच्या, आणि ज्याच्याकडून कोणाचीच कांहीं अपेक्षा नाहीं त्याच्या. दुसऱ्यास तो किती बोंचतो, हें त्यालाच ठाऊक.

जाहिरात ही घाईनें जाणाऱ्या अनोळखी माणसासाठीं असते. ती सुंदर आहे काय, हा प्रश्न मागाहूनचा. ती वाचतां येते काय, हा पहिला. आणि तो काढणाऱ्यास स्वतःला सोडवितां येत नाहीं, कारण लिहिलेलें त्याला पाठ असतें. आपली देवनागरी येथें फार फसविते. नक्षीदार वळणाच्या हौसेनें काढलेला 'घ' दुरून 'ध' दिसतो, 'भ'चा 'म' होतो, आणि जुन्या वळणाचा 'ख' तर 'रव' म्हणून सहज वाचला जातो. ओळी दाटीनें बसविल्या म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो. आनंदमेळ्यासाठीं काढलेल्या एका आराखड्यावरील 'घरगुती फराळ' हीं अक्षरें वर्गांतील अनेकांनीं 'धरगुती' अशीं वाचलीं. पण बोललें कोणीच नाहीं, कारण त्या मुलीनें पणत्या फारच सुरेख रंगविल्या होत्या! मैत्रिणींनीं पणत्यांची स्तुति केली, आणि तें अक्षर तसेंच मेळ्याच्या फाटकावर लागलें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आराखडा हातांत घेऊन पाहूं नये. तो फळ्याशेजारीं टांचावा व पाहणाऱ्यानें वर्गाच्या दाराशीं उभें राहावें. आधीं मत न देतां दिसलें काय तें सांगावें: नजर प्रथम कोठें गेली, काय विकावयाचें आहे असें वाटलें, किंमत व स्थळ सांपडलें कीं नाहीं. तोंवर चित्रकारानें मौन धरावें. हें कठीण आहे, कारण "मला असें म्हणावयाचें होतें" हें वाक्य ओठांवर येतेंच. पण भिंतीवरील जाहिरातीशेजारीं उभा राहून ती समजावून देण्यास कोणी नेमलेला नसतो.

आणखी एका गोष्टीविषयीं मुलें बोलण्यास कचरतात, ती मजकुराच्या खरेपणाची. सरावासाठीं काढलेल्या केशतेलाच्या जाहिरातींत 'सात दिवसांत टक्कल नाहींसें' असें बेधडक लिहिलेलें असतें, आणि टीका होते ती बाटलीच्या रंगावर. तेल कल्पित आहे, त्यांत काय बिघडलें, असें उत्तर मिळतें. पण लागलेली संवय कल्पित नसते. रोगांवर चमत्कारी उपाय सांगणाऱ्या जाहिरातींस आपल्या देशांत १९५४ च्या कायद्यानें मनाई आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्याच्या किती तरी आधीं, मजकूर शिसपेन्सिलींत असतांनाच, शेजारच्या बाकावरील मित्राला "हें खरें आहे काय?" असें विचारतां येतें.

पुढील सत्राचे आराखडे भिंतीवर लागतील, तेव्हां प्रत्येकानें या प्रश्नाविषयीं निदान एक वाक्य नांवानिशीं लिहून द्यावें, असा नियम करण्याची आमची चित्रकलेच्या गुरुजींस विनंती आहे.