अर्धा कोयता कुणाच्या हिशेबात?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यातल्या वाडीवर नाहीतर तांड्यावर जा. दाराला कुलूप, ओसरीवर म्हातारी, तिच्या मांडीवर नातू, आणि रस्त्याला भांडीकुंडी, पोरेबाळे, शेळ्या-कोंबड्या भरलेला ट्रक. मुकादमाची उचल घेतलेली असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आता सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक.

आणि इकडे सरकारी तक्ते सांगतात की राज्याची भरभराट चालली आहे! आमचे भरभराटीशी भांडण नाही. आमचे भांडण आहे ते मापाशी.

वाचकहो, जिल्ह्याचे उत्पन्न कसे मोजतात ते एकदा नीट समजून घ्या. माल ज्या जिल्ह्यात तयार होतो त्याच्या खात्यावर ते उत्पन्न पडते. म्हणजे बीडच्या माणसाने सांगलीच्या फडात ऊस तोडला, मोळी वाहिली, तिची साखर झाली, तर ती जमा सांगलीची. सांगलीबद्दल आमच्या मनात आकस नाही, तीही आपलीच आहे. पण घाम इथला, जमा तिथली, आणि म्हातारी, आजारपण, अर्धवट शाळा सोडलेले पोर हा सगळा खर्च पुन्हा बीडच्या माथी, असा हा हिशेब आहे. तो पाहून मग शहाणे लोक विचारतात, 'बीड मागे का?' विचारणाऱ्यांनी एकदा उसाच्या फडात येऊन विचारावे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात काय लिहिले होते? खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. मराठवाडा अविकसित आहे म्हणून त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष दिले जाईल. आणि त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे ठेवला जाईल. त्या शब्दावर विसंबून मराठवाडा मराठी राज्यात आला. पण लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करायची तर आधी लोक मोजायला नकोत काय?

२०११ च्या शिरगणतीत माणसे मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गळीत हंगामात! नियम असा, की त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही तो घरच्या यादीत धरायचा नाही. जिथे असेल तिथे धरायचा. नियम म्हणून तो ठीकच आहे. पण रानातल्या कोपीपर्यंत गणक पोचला तर माणूस परजिल्ह्याचा होतो, आणि नाही पोचला तर तो कुणाचाच राहत नाही. आता नव्या शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख सरकारने ठरवली. पुन्हा फेब्रुवारीच, पुन्हा हंगामच.

न्यायाने बोलायचे तर मोजण्याचा खटाटोप झालाच नाही असे नाही. प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली जिल्हा धरून रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने मोजले. राज्याच्या सरासरीहून जे कमी, तो अनुशेष. मराठवाड्याचा निघाला ७५० कोटी ८५ लाख. पुढच्या समितीने १९९४ चा हिशेब केला तेव्हा तोच ४,००४ कोटी ५५ लाखांवर गेला होता. रुपया घसरला हे धरूनही, दहा वर्षांत अनुशेष फिटला असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पुढे वैधानिक विकास मंडळे आली, त्यांचीही मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका धरून पाहिले, ते बरे केले. आष्टीचे दुखणे परळीच्या विजेने झाकले जाते, ते तालुका मोजला की उघडे पडते.

पण या साऱ्या तक्त्यांत मोजले गेले ते बहुतेक जमिनीवर उभे असलेले. चालते माणूस राहिलेच, आणि त्यातही बाई.

फडावर नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. उचल जोडीची, मजुरी टनावर जोडीची, हिशेब नवऱ्याच्या नावाचा. पहाटे उठून भाकरी थापणारी, ऊस तोडणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई वहीत कुठे आहे? कुठंच नाही! पाळी आली, अंग दुखले, एक दिवस बसली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून. न्हाणीला आडोसा नाही, पाणी नाही. मग कुणीतरी सांगतो, 'पिशवी काढून टाक, कटकट जाईल.' २०१९ साली वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळात बोभाटा झाला, तेव्हा सरकारने समिती नेमून बीडच्या ऊसतोड बायांची तपासणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. सहा बायांमागे एक! ही गोष्ट त्याआधी कोणत्या निर्देशांकात दिसत होती? दवाखान्याच्या खाटा मोजणारा तक्ता त्या खाटेवर बाईचे काय झाले ते सांगत नाही.

१९९० पासून संयुक्त राष्ट्रे आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र धरून मानव विकास मोजतात. आपल्या सरकारनेही त्या धर्तीवर जिल्ह्यांचे अहवाल काढले. पैशाच्या मापापेक्षा ते माप शहाणे, यात वाद नाही. तरी सरासरी ती सरासरीच. बीड शहरातला व्यापारी आणि शिरूरची तोडणीवाली यांचा भागाकार केला की दोघांचेही खरे चित्र पुसले जाते. उलट एकच साधा आकडा पाहा. २०११ साली या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७, राज्यात सर्वांत कमी. २००१ साली त्या ८९४ होत्या. दहा वर्षांत रस्ते थोडे का होईना वाढले असतील. मुली कमी झाल्या. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने तसे शिवाजी चौकात उभे राहून म्हणावे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनी, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. आनंद झाला, का होणार नाही? पण उद्या त्या रुळांचे किलोमीटर तक्त्यात चढतील, तेव्हा त्याच तक्त्यात आणखी काही रकाने हवेत: हंगामात कुलूप लागलेली घरे किती, आईबापांमागे फडावर गेलेली शाळकरी पोरे किती, फिटली नाही अशी उचल किती, बाईच्या स्वतःच्या नावावर पडलेली मजुरी किती. हे तालुकावार मोजा, दरसाल मोजा, आणि १९५३ च्या शब्दाप्रमाणे विधानसभेपुढे ठेवा.

आणि टोळीवाल्या बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एवढेच. ग्रामसभा हंगामाच्या आधी भरवायला लावा, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, बाईचे वेगळे, पोराचे वेगळे, ग्रामपंचायतीच्या वहीत चढवून घ्या. फेब्रुवारी २०२७ मध्ये गणक कोपीपर्यंत आला नाही, तर त्याला शोधत जा. तो आला म्हणजे एक कोयता म्हणून सांगू नका. माणसे किती ती सांगा.