डिस्क घेतली, पण बॅकअप कुठाय?

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर दरवर्षी एक तरी किंकाळी ऐकू येते. मागच्या वर्षी ती आमच्या शेजारच्या रूममधून आली. बीईच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट, कोड, रीडिंग्ज सगळं एकाच लॅपटॉपवर, आणि रात्री दीड वाजता त्याची हार्ड डिस्क टक् टक् करून कायमची गप्प. चार जणांचा ग्रुप पुढचे नऊ दिवस लॅबमध्ये पुन्हा रीडिंग्ज घेत बसला.

ते बघून मी ठरवलं, दिवाळीत घरी गेलो की आधी घरच्या पीसीचा बॅकअप. ताईच्या लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या, बाबांच्या दुकानाचा हिशेब, सगळं त्या एका २०१४ साली असेंबल केलेल्या डब्यात. आजी आता नाही, त्यामुळे ओव्या पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत.

स्कॉलरशिपचे पैसे घालून एक फास्ट एक्स्टर्नल एसएसडी घेतली. खोक्यावर ठळक अक्षरात: सेकंदाला १००० एमबी! घरी पोचल्या पोचल्या पीसीच्या पुढच्या पोर्टला लावली. वेग दिसला सेकंदाला ३५ एमबी. म्हणजे ४०० जीबीला तीन तासांच्या वर. मग डोक्यात प्रकाश पडला. पुढचे पोर्ट यूएसबी २.० चे. हे स्टँडर्ड २००० सालचं, ४८० मेगाबिट्सचं. आठने भागा, ६० एमबी झाले, आणि त्यातले हातात पडतात तीस-चाळीस.

मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टला लावली, तेव्हा वेग ११० पर्यंत गेला. बाकीचे ८९० कुठे गेले? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच. पीसीच्या आतली हार्ड डिस्क फिरणारी, जुनी. ती जेवढ्या वेगाने वाचून देईल तेवढंच बाहेरची लिहिणार. होस्टेलच्या नळाला करंगळीएवढी धार असताना बादली कितीही भारी घ्या, ती त्या धारेनंच भरते. हजारो छोट्या फाइल्स आल्या की हा वेगही कोसळतो. आणि टाइप-सी म्हणून मोबाईलच्या चार्जरची केबल लावाल तर बघायलाच नको. त्यातल्या बऱ्याच केबल डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात.

तरी तासाभरात काम झालं. मी ऐटीत बाबांना सांगितलं, ‘‘झाला बॅकअप.’’ बाबा म्हणाले, ‘‘बरं, तुझ्या लॅपटॉपवर माझा हिशेब उघडून दाखव.’’

नाही दाखवता आला. मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं घेतलं होतं. बाबांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र डी ड्राइव्हवर भलत्याच फोल्डरमध्ये होता. वेगवान डिस्कवर मी अपुरा बॅकअप वेगानं घेतला होता, इतकंच. बाबा कॉम्प्युटर शिकलेले नाहीत, पण डिस्कची खरी परीक्षा त्यांनीच घेतली.

म्हणून माझं स्पष्ट मत: बॅकअपची डिस्क खोक्यावरच्या वेगावरून ठरवू नका. परत काय मिळतं, यावरून ठरवा. आणि ते मिळवून बघितल्याशिवाय ‘बॅकअप आहे’ असं म्हणूच नका. हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असंही नाही. ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना १९९८ साली पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने सिनेमाचा बराचसा डेटा उडाला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे कुणी तपासलंच नव्हतं. बाळ लहान म्हणून घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी होती, म्हणून निभावलं.

आता कुणी म्हणेल, वेग अगदीच फालतू का? नाही. पहिल्यांदा सगळा डेटा घेताना वेळ वाचतो, आणि व्हिडिओ एडिटिंग थेट बाहेरच्या डिस्कवरून करणाऱ्यांनी एसएसडी जरूर घ्यावी. कंटाळवाणा बॅकअप माणूस टाळतो, हेही खरं. पण पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेल्या फाइल्स जातात. दिवसाला दोन जीबी धरले तर ते रडतखडत चालणाऱ्या यूएसबी २.० वरसुद्धा मिनिटभराचं काम. त्या मिनिटासाठी जादा पैसे कशाला? शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातला डेटा उडू शकतो. कधीतरी काढून जोडायची आठवण ठेवावी लागते.

माझ्या मते त्या पैशात थोडी भर घालून दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी, एक होस्टेलवर, आणि दर सुट्टीत अदलाबदल. घरात चोरी झाली, पाणी शिरलं, तरी दुसरी कॉपी दुसऱ्या गावात. आपल्या प्रोजेक्टची कॉपीही आपोआप घरी जाते. होस्टेलवर राहण्याचा एवढा तरी फायदा करून घ्या! काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तेव्हा त्यानं जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही कुलूप घातलं.

आणि डिस्क कोणतीही असो, महिन्यातून एकदा दुसऱ्याच मशीनवर लावून चार फाइल्स उघडून बघा. मी दिवाळीच्या शेवटच्या दिवशी बाबांना पुन्हा बोलावलं. हिशेब उघडला. मग आजीच्या ओव्यांची फाइल लावली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. तेव्हा कुठं मी म्हणालो, झाला बॅकअप.

सबमिशनला अजून तीन आठवडे आहेत. तुमचा कुठाय?