आधी आराखडा, मग आज्ञावली

संगणकाची भाषा येणे आणि सॉफ्टवेअर घडविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर आपल्या अभियांत्रिकी शिक्षणाला पडलेला दिसतो. नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात 'सिम्युला' भाषा रचली, ती प्रत्यक्ष व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर उभी करण्यासाठी. 'ऑब्जेक्ट'ची कल्पना तेथून रुजली. १९९७ मध्ये 'यूएमएल' ही आराखड्याची प्रमाण चित्रभाषाही मिळाली.

ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. 'पुस्तक' आणि त्याची 'प्रत' हे दोन वेगळे घटक आहेत, हे ज्याने आधी ओळखले नाही, त्याची आज्ञावली पहिल्या दिवशी चालते. मात्र त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आली, की कोणती प्रत कोणाकडे आहे हे तिला सांगता येत नाही. ही चूक भाषेची नव्हे, विश्लेषणाची असते. तरीही आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी प्रकल्प आधी लिहितात आणि आकृत्या गुणांपुरत्या मागाहून जोडतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत आज्ञावली लिहून देते. अशा वेळी अभियंत्याकडे उरते ते नेमके काय हवे आहे हे ठरविण्याचे काम. तेच शिकविले नाही, तर पदवीचे मोल काय राहणार?